‘कोबाल्ट ब्लू’ : घराला न दिसलेला शोक

सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ साली मौज प्रकाशनाने काढली. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला एक निनावी पेइंग गेस्ट आणि त्याच्यावर जीव जडलेली दोन भावंडे, तनय व अनुजा. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, एकटीच परतते. तिच्यापायी सारे घर हादरते. तनयचेही तेच माणूस गेले आहे. पण त्याची विचारपूस कोण करणार? त्याच्या दुःखाला त्या घरात नावच नाही. ‘आपल्याकडे असले काही नसते’ म्हणणाऱ्या वाचकांना आम्ही विचारतो, त्या घरालाही तसेच वाटत नव्हते काय?

उर्दू शिकवणाऱ्या आम्हांला इथे गझल आठवते. गझलेत महबूब रिवाजानेच पुल्लिंगी, त्या आडोशाला सगळेच खपून जाते. तनय मात्र प्रियकराला ‘तू’ म्हणून मराठीत बोलतो, आणि मराठी क्रियापद ‘तू’चे लिंग लपवू देत नाही. जेरी पिंटो यांच्या २०१३च्या इंग्रजी अनुवादात ही धार बोथट होते. त्याला इलाज नाही. २०२२च्या चित्रपटाने तर घरच केरळात नेले. आम्हांला पुणेरी घरच हवे होते.