इशायाच्या झाडावर कोण नाही?

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये पश्चिमेकडच्या तीन उंच खिडक्यांपैकी एकीत एक म्हातारा पलंगावर निजला आहे. आजूबाजूला पडदे, वर टांगलेला दिवा. त्याच्या अंगातून झाडाचं खोड फुटतं आणि सरळ वर चढतं. त्यावर एकावर एक असे चार राजे, मग मरिया, आणि शेंड्याला येशू. त्याच्याभोवती सात कबुतरं. दोन्ही कडांच्या अर्धवर्तुळांत संदेष्टे. बाराव्या शतकाच्या मध्यावरची ही काच आहे, आणि तिचा निळा रंग पाहून भले भले टीकाकार चित्रात काय आहे हे विचारायचं विसरतात.

हा म्हातारा म्हणजे इशाय, दावीद राजाचा बाप. इशायाच्या बुंध्यातून नवा कोंब फुटेल असं यशया संदेष्टा सांगून गेला. त्यावरून ही प्रतिमा निघाली. प्रागमधल्या १०८६ सालच्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखितात ती सुरुवातीच्या रूपात दिसते. तिला भव्य घाट मिळाला तो पॅरिसजवळच्या सां-दनी मठात, मठाधिपती सुजेरच्या देखरेखीखाली, ११४४च्या सुमारास. एमिल माल या फ्रेंच कलेतिहासकाराने सगळं श्रेय सुजेरलाच देऊन टाकलं होतं. आर्थर वॉटसनने १९३४ मध्ये जुनी उदाहरणं मांडून तो दावा सैल केला, आणि ते बरंच झालं. अशा प्रतिमा एका डोक्यातून निघत नाहीत.

पण या झाडात एक मोठी लबाडी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच वंशावळीने होते: अब्राहामापासून येशूपर्यंत, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. आकडा जुळावा म्हणून मत्तय मधले तीन राजे गाळतो. तरी त्याने चार बायका मुद्दाम ठेवल्या आहेत. सासऱ्यापासून मुलगे झालेली तामार, वेश्या राहाब, परमुलखातून आलेली विधवा रूथ, आणि दावीदाने आपलीशी केलेली उरियाची बायको. तिचं तर नावही न घेता तो तिच्या नवऱ्याचं घेतो, म्हणजे दावीदाचं पाप झाकलं जाऊ नये. शिवाय यादी संपते योसेफापाशी, आणि तो येशूचा रक्ताचा बाप नव्हे असं तोच मत्तय लगेच सांगतो. इतकी अडचणीची वंशावळ दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथाने पहिल्याच पानावर छापली असेल असं मला वाटत नाही.

चित्रकारांनी ही वंशावळ सरळ केली. योसेफाला बहुधा उतरवलं, शेंड्याशी मरियेला बसवलं, मधल्या फांद्या मुकुट घातलेल्या राजांना दिल्या. त्या चौघी या झाडावर अभावानेच सापडतात. देणगी देणारे राजे आणि सरदार होते. त्यांना असंच झाड हवं होतं. पुढे युरोपातल्या खानदानांनी आपापले वंशवृक्ष याच धर्तीवर काढले, मूळपुरुष तळाशी आणि वारस शेंड्यावर. आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांतली झाडं चाळली तर लेकी-सुना त्यांतही बहुधा दिसत नाहीत.

मायकेलअँजेलोने मात्र झाडच काढलं नाही. सिस्टीन चॅपेलच्या खिडक्यांवरच्या कमानींत (१५०८ ते १५१२) त्याने येशूचे पूर्वज रंगवले, तेही मुकुटाविना. पाट्यांवर नावं पुरुषांचीच, पण जागा अडवली आहे बायकांनी. आसा-यहोशाफाटाच्या कमानीत एका बाईच्या अंगाखांद्यावर तीन पोरं लोंबकळताहेत. रूथचा नवरा बवाज ज्या कमानीत आहे तिथे एक चिडका म्हातारा हातातल्या काठीकडे रोखून पाहतो. काठीच्या मुठीवर त्याच्यासारखंच तोंड कोरलेलं आणि तेही त्याच्यावर तेवढंच खेकसतंय. शेजारी बाई तान्ह्याला घेऊन डुलक्या घेते आहे. ही खरी वंशावळ: वाट बघणारी, कंटाळलेली, पोरंबाळं सांभाळणारी माणसं. शतकानुशतकं या कमानी धुराने काळवंडल्या होत्या. १९८०च्या दशकात त्या साफ झाल्यावर भडक हिरवे-नारिंगी रंग बाहेर आले आणि जाणकारांची तारांबळ उडाली. सोळांपैकी दोन कमानी आज नाहीत. ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रासाठी भिंत हवी म्हणून त्या स्वतः मायकेलअँजेलोनेच पुसल्या.

झोपलेला पुरुष आणि त्याच्या अंगातून वर येणारी वनस्पती म्हटलं की आपल्याला शेषशायी विष्णू आठवणारच. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामींनी १९२९ मध्ये या साम्यावर लेखही लिहिला. मला तो वाचनीय वाटतो, पटत नाही. विष्णूच्या नाभिकमळातून ब्रह्मा आणि पुढे सृष्टी येते. इशायाच्या झाडातून वारस येतात. हिंदी महासागराच्या बाजूला हे झाड खरोखर पोचलं ते पोर्तुगीजांबरोबर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये श्रीलंकेतल्या कोट्टे राज्यातली हस्तिदंती पेटी आहे, साधारण १५५७ची. तिच्यावर इशायाचं झाड कोरलं आहे, पॅरिसला छापलेल्या प्रार्थनापुस्तकातल्या चित्रावरून. कोट्टेचा तेव्हाचा राजा धर्मपाल हा आधीच्या राजाच्या मुलीचा मुलगा. मुलीच्या बाजूने आलेल्या गादीला मरियेवर संपणारं झाड सोयीचंच होतं.

आज या कलेची अवस्था काय? वेल्समधल्या ॲबरगेव्हनीच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातला ओक लाकडाचा प्रचंड इशाय आडवा पडला आहे. वरचं झाड धर्मसुधारणेनंतरच्या मोडतोडीत गेलं. २०१६ मध्ये हेलन व्हिटेकरची नवी रंगीत काच तिथे बसली आणि तुटलेल्या बुंध्याला सोबत मिळाली. रीम्सच्या कॅथीड्रलमध्ये शागालने १९७४ मध्ये हेच झाड काचेत आणलं. ज्यू चित्रकाराने ख्रिस्ती चर्चमध्ये दावीदाचं घराणं रंगवावं यात जो ताण आहे, तो मला त्याच्या तरंगत्या आकृत्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. बाकी बरंचसं काम जतनाचं आणि नकलेचं.

एक अपवाद अनपेक्षित जागी आहे. नाताळच्या आधी अमेरिका-युरोपातल्या अनेक घरांत आणि रविवारच्या शाळांत मुलं रोज एक कागदी खूण फांदीला टांगतात. त्यालाही इशायाचं झाडच म्हणतात. कला म्हणून ते यथातथाच, गोंद आणि चमकीचं काम. पण त्यात गव्हाची पेंढी असते, ती रूथची. कित्येकदा लाल दोरीही असते, ती राहाबची. तामार आणि उरियाची बायको मात्र इथेही सहसा नसतात. त्यांची गोष्ट सहा वर्षांच्या पोरांना कशी सांगायची हे बाईंना कळत नसणार.