गेममधला गुडघा

कॉलेज फुटबॉल २६ मध्ये माझा रनिंग बॅक तिसऱ्या क्वार्टरमध्ये अचानक जड झाला. बटणं तीच, चाल तीच, पण पहिल्या हाफमध्ये ज्या फटीतून तो सुसाट निघत होता तिथेच आता पकडला जात होता. मी कंट्रोलरला शिव्या घातल्या. मागे दादा जेवत बसला होता, चाकणहून सेकंड शिफ्ट करून आलेला. म्हणाला, "अरे, त्याच्या पायाचा रंग बघ की."

दादाला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी कळत नव्हतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला आडवं पाडायचं, एवढं कळलं की पुरे. तिथली कॉलेजं हा खेळ खेळतात आणि काही कॉलेजांच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसं बसतात. पण स्क्रीनवरच्या मानवी आकृतीतला पाय का रंगलाय, हे दादाला माझ्याआधी कळलं.

या गेममध्ये 'वेअर अँड टेअर' नावाची यंत्रणा आहे. खेळाडूची ताकद म्हणजे एकच हिरवी पट्टी, हे जुनं गणित तिने मोडलं. मार कुठे बसला याची नोंद शरीराच्या भागानुसार होते. त्याच पायावर पुन्हा पुन्हा धडक बसली की त्याचा वेग घटतो आणि इजेची शक्यता वाढते. बाहेर बसवलं तर थोडं भरून येतं, सगळं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे 'सुधारणा' या शब्दावर माझा पटकन विश्वास बसत नाही. रिलीज नोट्समध्ये सुधारणा म्हणजे बऱ्याचदा रंगरंगोटी असते. स्पोर्ट्स गेममध्ये तर दरवर्षी घाम जास्त चमकतो आणि गवत जास्त हलतं. माझी कसोटी साधी आहे: हरल्यावर का हरलो ते मला सांगता आलं पाहिजे. हॉस्टेलवर आम्ही क्रिकेट ०७ खेळायचो. तो २००६ चा गेम आम्ही दहा वर्षांनीही सोडला नव्हता, पण त्यात हरलो की कीबोर्डला दोष द्यायचो. इथे मी हरलो कारण एकाच पोराला वीस वेळा धडकायला लावलं. दोष माझा होता आणि तो स्क्रीनवर रंगवून दाखवलेला होता.

क्रिकेट ०७ मधली आणखी एक गोष्ट आठवते. लायसन्स नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं त्यात मोडूनतोडून दिली होती. मग कुणीतरी पेन ड्राइव्हवर पॅच आणायचा आणि सचिन पुन्हा सचिन व्हायचा. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या गेममध्ये तर नावंच नव्हती, फक्त जागा आणि जर्सीचा नंबर. उंची, वजन, खेळण्याची ढब मात्र खऱ्या खेळाडूची. त्यांना त्याचा पैसा मिळत नव्हता, कारण ते 'विद्यार्थी-खेळाडू' होते. एनसीएए या संस्थेने १९५० च्या दशकात हा शब्द रूढ केला. जखमी खेळाडूंना कामगार ठरवून भरपाई द्यावी लागू नये, म्हणून तो आणला, हे संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवलंय. २००९ मध्ये एड ओ'बॅनन या माजी बास्केटबॉलपटूने खटला भरला. बास्केटबॉलच्या एका गेममध्ये त्याला स्वतःचंच रूप दिसलं होतं. २०१३ नंतर फुटबॉलची मालिकाही बंद पडली. ती परतली जुलै २०२४ मध्ये. संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. ज्यांनी संमती दिली नाही त्यांच्या जागी काल्पनिक खेळाडू आले.

म्हणजे ज्या वर्षी गेममधल्या शरीराला नाव आणि मोबदला मिळाला, त्याच वर्षी ते दुखायलाही लागलं. हा योगायोग असेल. मला तो या गेमचा गाभा वाटतो.

डिप्लोमानंतर दादा तीन वर्षं एका कंपनीत 'ट्रेनी' होता. काम लाइनवरच्या कायम कामगाराचंच, हातात मात्र स्टायपेंड. सुपरवायझर टोकन नंबरने हाक मारायचा. आठ-आठ तास उभं राहून, ठराविक सेकंदांनी तोच पार्ट उचलून त्याचा उजवा गुडघा गेला. सुट्टी घेतली की पैसे कापले जायचे. त्याच्या गुडघ्याचा रंग कुठल्याच स्क्रीनवर दिसत नव्हता. घरी आम्हालाही नाही.

म्हणूनच कॉलेज फुटबॉल २६ मधल्या दुसऱ्या सुधारणेबद्दल माझं मत अडखळतं. आता चाल निवडतानाच, मेनूत न शिरता, खेळाडू बदलता येतो. खेळायला हे फार सोयीचं आहे. सामना वाहता राहतो, राखीव खेळाडूंना अर्थ येतो. मी दादाला कौतुकाने दाखवलं. तो म्हणाला, "हां, रिलीव्हर. आमच्याकडे पण असतो. माणूस बदलतो, लाइन थांबत नाही."

आक्षेप नेमका आहे. शरीर थकतं हे गेमने मान्य केलं, पण त्या थकव्याचं काय करायचं ते फक्त मी, म्हणजे कोच, ठरवतो. वीस वेळा धडकलेला पोरगा मैदानावर 'नाही' म्हणू शकत नाही. माझ्या दृष्टीने त्याची दमछाक हा सांभाळायचा एक आकडाच राहतो.

'नाही' म्हणायची सोय आहे, पण ती डायनेस्टी मोडमध्ये, जिथे तुम्ही वर्षानुवर्षं एक कॉलेज चालवता. तिथे प्रत्येक खेळाडूचा एक 'डीलब्रेकर' असतो: खेळायला किती मिळतं, जिंकणारा संघ आहे का, अशी एखादी अट. ती मोडली की सीझननंतर तो दुसऱ्या कॉलेजात निघून जाऊ शकतो. माझा सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक असाच गेला. मी दोन दिवस चिडलो होतो. आता वाटतं, या मालिकेतली सगळ्यात मोठी सुधारणा तीच आहे: ज्याच्यावर माझं बटण चालतं, तो मला सोडून जाऊ शकतो. फक्त त्या अटीत गुडघाही धरला जायला हवा. पुढच्या आवृत्तीकडून मला चमकदार घाम नको, एवढंच हवंय.

त्या रात्री मी रनिंग बॅकला बाहेर बसवलं आणि सामना हरलो. दादाने ताट उचललं, उठताना सवयीने टेबलाचा आधार घेतला. मी पहिल्यांदाच विचारलं, "दुखतोय का रे अजून?"

"थंडीत," तो म्हणाला. "तू खेळ."