‘प्रशिक्षण देण्यात आले’ : कोणी, किती दिवस, आणि नंतर?

पेपर वाचताना निष्कर्षाआधी पद्धती वाचा, हे तुम्हाला एव्हाना बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. मी त्यात एक भर घालते. पद्धतीत जिथे वाक्यातला कर्ता गायब होतो, तिथे थांबा. ‘कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले’ हे वाक्य आपल्या विषयात इतक्यांदा येतं की डोळा त्यावरून घसरतो. माझाही घसरायचा.

आज घेतलेला पेपर जुना आहे, पण दुर्गम भागातल्या आरोग्यावर काम करायचं असेल तर तो तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच. १९९९, ‘लॅन्सेट’. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकारी. गडचिरोलीतली ३९ गावं, आणि तुलनेला ४७. डॉक्टरांनी गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळाला सेप्सिस, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली, तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्याच देणार. त्या काळी ही कल्पना ऐकून भले भले डॉक्टर दचकले असतील!

निकाल सगळ्यांना पाठ असतो. या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ च्या आसपास असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ हलला नाही, म्हणून निव्वळ घट ६२.२ टक्के. सगळे उद्धृत करतात तो आकडा हाच.

मी मात्र तुम्हाला दुसऱ्या आकड्यापाशी नेते. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होतं (१६३ बाळं), नंतर २.८ टक्के (७१ बाळं). टक्केवारी बाजूला ठेवा आणि गुणाकार करा. आधी २७ मृत्यू, नंतर २. म्हणजे नंतरच्या गटात आणखी तीन बाळं गेली असती तर २.८ चे ७ टक्के झाले असते. तरीही फरक मोठाच राहतो, निष्कर्ष कोसळत नाही. पण तो किती थोड्या बाळांवर उभा आहे हे कळतं. शिवाय ही तुलना आधीची आणि नंतरची आहे, आणि गावंही चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्या शंकेवर पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये गावांचे समूह यादृच्छिक पद्धतीने वाटून प्रयोग झाला (२००८, पुन्हा ‘लॅन्सेट’च). तिथे घरी जाऊन काळजी घेतलेल्या गटात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. दिशा तीच, आकडा जवळपास निम्मा.

का निम्मा? कारणं बरीच असतील. पण माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. गडचिरोलीत पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, या बायकांच्या हातात इंजेक्शन नव्हतंच. त्या बाळ बघत होत्या, वजन घेत होत्या, श्वास मोजत होत्या, लिहीत होत्या. त्या वर्षाच्या नोंदींवर निघालेला वेगळा पेपर सांगतो की ५४.४ टक्के बाळांना उपचारांची गरज होती, मिळाले २.६ टक्क्यांना. म्हणजे सुई हातात येण्याआधी त्यांनी वर्षभर आजारी बाळ कसं दिसतं ते पाहिलं होतं. आणि नोंदी तपासायला ठरावीक दिवसांनी वरून कोणीतरी गावात येत होतं. याला प्रशिक्षण म्हणायचं की नोकरी की शिष्यत्व? पेपरमध्ये ते काही ओळींत उरकलंय आणि आकड्यांना तक्ते मिळालेत. लेखकांना दोष द्यायचा तर एवढाच, आणि नियतकालिकाची शब्दमर्यादा बघता तोही अर्धाच.

खरा दोष नंतर उद्धृत करणाऱ्यांचा. २०११ पासून सरकारने ‘आशा’ ताईंमार्फत नवजात बाळाच्या गृहभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. कार्यक्रम गरजेचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इंजेक्शन आशाताईंकडे आलं नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत ते देण्याची मुभा मिळाली ती एएनएमला. मग भेटींचं मूल्यमापन करणाऱ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘अशा कार्यक्रमाने मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात’ असं लिहिलं, तर आपण एका गोष्टीचा पुरावा दुसरीला चिकटवतोय. परीक्षकाने विचारलं तर उत्तर नसतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या पहिल्या प्रस्तावात हेच वाक्य होतं, खाली तीन दिवसांचं प्रशिक्षण, आधी एक चाचणी, नंतर एक चाचणी. गाईडनी पानावर एकच प्रश्न लिहिला : “सहा महिन्यांनी, रात्री दोन वाजता, बाळ दूध सोडतंय. तुझी चाचणी काय मोजते?” मी दोन दिवस त्यांच्यासमोर गेले नाही.

आता प्रस्तावात प्रशिक्षणाचे दिवस तेवढेच आहेत. पण देखरेखीच्या भेटींचं वेगळं पान आहे : कोण जाणार, कोणत्या गाडीने, पावसाळ्यात नाला भरला तर काय, नोंदवहीत चूक सापडली तर ताईंशी कोण आणि कसं बोलणार. प्रवासखर्च दुप्पट झालाय. समितीने त्यावर लाल खूण करून परत पाठवलाय, पुढच्या बैठकीत मला तोच खर्च समजावून द्यायचा आहे.