‘रेसिंग’ पॅड कोणासाठी?

ब्रेक पॅडच्या काही खोक्यांवर ‘रेसिंग’ असे ठळक छापलेले असते. घरच्या गाडीसाठी ही शिफारस नसून इशारा समजावा. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबवताना २ लाख ज्यूल उष्णता होते. अर्धा लिटर पाणी सहज उकळीला येईल! शर्यतीत असे पुनःपुन्हा घडून तबकडी फार तापते, आणि ते पॅड त्या तापातच नीट पकडतात. सकाळी थंड गाडी गल्लीतून काढताना हीच पकड कमी पडते. आपल्याला घर्षणांक हवा तो थंड-गरम दोन्ही स्थितींत जवळजवळ सारखा राहणारा. शाळेतली उदाहरणे मात्र घर्षणांक स्थिरच धरतात, तापमानाचे नावही काढत नाहीत! मग विद्यार्थ्याने दुकानदाराला विचारावे तरी काय?