गट एकच, म्हणजे नातं एकच? दूध, माणूस आणि ई. कोलायच्या पेपरांची तपासणी

पशुवैद्यक किंवा मायक्रोबायोलॉजीचं साहित्य चाळताना एका ठरावीक साच्याचा पेपर तुम्हाला हमखास भेटेल. एका तालुक्यातून निरसं दूध गोळा केलं, दवाखान्यातून माणसांचे नमुने घेतले, दोन्हींतून ई. कोलाय वेगळे केले, पीसीआरने त्यांचे गट पाडले. शेवटी निष्कर्ष: दोन्हींकडे ‘ए’ आणि ‘बी1’ गट सापडले, म्हणून दुधातून माणसाकडे संसर्ग होत असावा. आज या ‘म्हणून’कडे नीट बघू.

आधी पद्धत. क्लेरमाँ आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये तीन खुणांचा सोपा पीसीआर दिला: चूए, वायजेएए आणि टीएसपीई4.सी2 हा डीएनएचा तुकडा. चूए असेल आणि वायजेएएही असेल तर ‘बी2’, वायजेएए नसेल तर ‘डी’. चूए नसेल आणि टीएसपीई4.सी2 असेल तर ‘बी1’. तोही नसेल तर ‘ए’. स्वस्त, झटपट, छोट्या प्रयोगशाळेत जमणारी. म्हणूनच ती एवढी पसरली.

पण खाच इथेच आहे. तिन्ही पट्टे आले नाहीत तरी उत्तर ‘ए’च! डीएनए नीट निघाला नाही, प्रायमर खराब झाला, किंवा मुळात तो जंतू ई. कोलाय नव्हताच, तरी जेल कोरं दिसतं आणि तक्त्यात ‘ए’ची भर पडते. मी स्वतः एम.एस्सी.च्या प्रकल्पात कोऱ्या लेन ‘ए’ म्हणून मोजल्या होत्या. गाईडने ‘पॉझिटिव्ह कंट्रोल कुठाय?’ विचारलं तेव्हा घाम फुटला. 2013 च्या सुधारित पद्धतीत एआरपीए ही चौथी खूण आली, ती याचसाठीही उपयोगी पडते. खऱ्या ई. कोलायमध्ये आता निदान एक पट्टा दिसायला हवा. गटही वाढले: ‘सी’, ‘ई’, ‘एफ’ वगैरे. तेव्हा 2013 नंतरचा पेपर जुन्याच पद्धतीवर असेल, तर कंट्रोलचा फोटो शोधा.

आता निष्कर्ष. हे गट फार मोठे आहेत. दोन माणसं बीड जिल्ह्यातली आहेत, एवढ्यावरून ती एकमेकांची पाहुणे ठरतात का? आष्टीचा माणूस आणि परळीचा माणूस एकाच जिल्ह्याचे, बास. नातं सांगायचं तर घराण्यापर्यंत जावं लागतं. सात जनुकांचं एमएलएसटी ही पुढची पायरी, आणि संपूर्ण जिनोममधले सूक्ष्म फरक मोजणं ही त्याहून पक्की.

तिसरी गोष्ट, नमुने. ‘बी2’ आणि ‘डी’ मूत्रमार्गासारख्या आतड्याबाहेरच्या संसर्गात जास्त दिसतात. ‘ए’ आणि ‘बी1’ निरोगी आतड्यात सर्रास असतात. मग तुम्ही माणसांचे नमुने लघवीचे घेतले की निरोगी माणसाच्या शौचाचे, यावरच अर्धं उत्तर ठरतं. शिवाय दुधातला ई. कोलाय कासेतूनच आला असं नाही. शेण, भांड्याचं पाणी, दूध काढणाऱ्याचा हात, काहीही असू शकतं. म्हणजे बाण उलटाही असू शकतो: माणसाकडून दुधाकडे.

बीडमध्ये काम करायचं तर अजून एक पेच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला हजारो कुटुंबं बैलांसकट पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. जानेवारीत गावातून घेतलेला नमुना कुणाचा? मागे राहिलेल्यांचा. हे पेपरच्या पद्धती-विभागात लिहिलंच पाहिजे.

एवढं खोलात का जायचं? कारण ‘दुधातून रोग’ अशी बातमी झाली, तर दुष्काळी पट्ट्यात दोन गायींवर घर चालवणाऱ्या बाईचं दूध कुणी घेणार नाही. दूध उकळलं की ई. कोलाय मरतो. आपल्याकडे बहुतेक घरात दूध उकळूनच पितात. म्हणून कोण निरसं किंवा धारोष्ण पितं, हे न विचारता काढलेला धोका अर्धवटच.

असे पेपर निरुपयोगी नाहीत. कुठे काय आढळतं याची ती पहिली नोंद असते. फक्त नोंदीला पुरावा म्हणू नका. तुमचा सिनॉप्सिस लिहाल तेव्हा एकाच घरातली गाय, दूध, हात आणि माणसं एकाच दिवशी तपासा. एका प्लेटवरून एकच कॉलनी उचलून थांबू नका. आणि कोऱ्या लेनला ‘ए’ म्हणायच्या आधी पीसीआर परत लावा.