थांबण्याचा हक्क आणि मराठी साहित्यातील म्हातारपण

निवृत्ती हा शब्द मराठी साहित्याने वयाशी जोडला आहे. माझ्या मते तो मजुरीशी आणि जातीशी जोडलेला आहे. साठी आली, आता काम सोडावे की आणखी काही वर्षे करीत राहावे, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या गाठीशी आधीच काहीतरी जमलेले असते. घर, जमीन, पेन्शन, निदान कमावता मुलगा. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही त्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचे म्हातारपण म्हणजे कमी मजुरीचे तरुणपण असते. प्रस्थापित साहित्याने पहिल्या माणसाचे दुःख हेच वार्धक्याचे एकमेव दुःख म्हणून मांडले. आणि आपल्या समीक्षेने दुसऱ्या माणसाच्या न संपणाऱ्या कष्टांना शौर्य म्हटले. या दोन्ही गोष्टी आपण तपासून घेतल्या पाहिजेत.

प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास अशा चार आश्रमांची जी व्यवस्था सांगितली जाते ती द्विजांसाठी होती. वानप्रस्थ म्हणजे संसाराचा भार मुलावर टाकून बाजूला होणे. पण बाजूला होण्यासाठी आधी भार स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. मनुस्मृतीने शूद्राला तिन्ही वर्णांची सेवा हे एकच कर्म लावून दिले आणि ऐपत असली तरी त्याने धनसंचय करू नये, असेही बजावले. ही दोन कलमे एकत्र वाचा. सेवा संपायची नाही आणि संचय करायचा नाही. मग वानप्रस्थ येणार कुठून? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात आमच्या म्हाताऱ्यांना विसावा नाकारणारा हा कायदाही होता, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

आता प्रस्थापित मराठी साहित्याकडे वळू. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातील गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होतात आणि मिळवलेले सारे मुलांच्या हवाली करतात. पुढची सगळी शोकांतिका या एका निर्णयातून जन्मते. नाटक मोठे आहे, हे मी नाकारीत नाही. वर्गात ते शिकवताना विद्यार्थी हेलावतात, हे मी दरवर्षी पाहतो. पण आपल्या विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट पाहायला सांगतो. घर सुटल्यावर रस्त्यावर आलेल्या या नटाला आधार देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. म्हातारा काम संपवून रस्त्यावर आला आहे. पोरग्याचे काम बालपणीच रस्त्यावर सुरू झाले आहे. एकाच फुटपाथवर दोन आयुष्ये बसली आहेत, आणि टीकाकारांनी मात्र एकाच आयुष्याला शोकांतिका म्हटले. तो पोरगा साठ वर्षांचा होईल तेव्हा त्याने मुलांच्या हवाली काय करायचे? पॉलिशची पेटी?

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’तही हेच विश्व आहे. एक मुलगा परदेशी, दुसरा गेलेला, आणि रिकाम्या घरात दोन म्हातारी माणसे. शेवटी ती आपले आयुष्य संपवतात. तिथले दुःख खोटे नाही. पण ते रिकामपणाचे दुःख आहे. वेळ खायला उठतो, अशी त्याची तऱ्हा. आमच्या वस्तीत वेळ खायला उठत नाही, भूक उठते. पांढरपेशा वर्गाच्या दुःखावर लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. माझी हरकत एवढीच की, एका वर्गाच्या म्हातारपणाला ‘मानवी वार्धक्य’ असे सरसकट नाव देऊ नये.

दलित आत्मकथने या नावाला छेद देतात. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावकीचे जे जग येते तिथे निवृत्ती ही कल्पनाच नाही. महारकी हे वतन होते आणि वतनाला वय नसते. बाप थकला की त्याच्या जागी पोरगा उभा राहायचा. माणूस बदलायचा, काम तेच. बाबासाहेबांनी १९२८ पासून वतनाविरुद्ध कायदेमंडळात जो लढा मांडला त्याचा हाही एक अर्थ आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे १९३६ मधील प्रतिपादन आपल्याला तोंडपाठ असते. त्याला एक पुढचे वाक्य मी जोडू इच्छितो: ही विभागणी विसाव्याचीही आहे. कोणी किती राबायचे याबरोबरच कोणी केव्हा थांबायचे, हेही जातीने ठरवले.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) संतामाय आठवा. शेणातले न पचलेले दाणे वेचून, धुऊन तिने त्याची भाकरी केली आहे. दादा स्टँडवर हमाली करतो. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधील (२००३) आईचे हात बांबूच्या कांबी विणायचे थांबत नाहीत. अशी माणसे दिसली की आपले समीक्षक लिहितात: चिवट जीवनेच्छा, अपराजित श्रमनिष्ठा, कष्टाचे सौंदर्य. हे शब्द मला खटकतात. म्हातारीने राबणे हे जर सौंदर्य असेल, तर ज्या व्यवस्थेने तिला राबायला लावले ती या सौंदर्याची निर्माती ठरते. आपला विद्रोह इतका भाबडा नाही. संतामायच्या भाकरीपुढे समीक्षकाने मान तुकवून भागत नाही. त्याने हिशेब मागितला पाहिजे. इतकी वर्षे राबलेल्या बाईच्या वाट्याला शेवटी शेणातले दाणे कसे आले?

मी घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी राहतो. हा कापसाचा मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की भल्या पहाटे ओटी बांधून बाया वावराकडे निघतात. वेचाई किलोवर मिळते. त्यांतल्या कितीतरी बाया साठीच्या पुढच्या असतात. वजनकाट्याला वय कळत नाही. पण म्हातारीची बोटे हळू चालतात, म्हणून दिवसभर तेवढेच तास राबूनही तिच्या पदरात तरुण बाईपेक्षा कमी पैसे पडतात. माझी आई त्यांच्यात आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तिला मी घरी बस म्हटले तर म्हणते, “बसून राह्यलं त हातपाय धरतेत, बाबू.” तिचे बोलणे खरे आहे. काम बंद केलेली माणसे लवकर खचतात, हे मीही पाहिले आहे. पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. घरी बसूनही चूल पेटणार, अशी खात्री असताना ती वावरात गेली, तर मी त्याला आवड म्हणेन. माझी नोकरी तासिका तत्त्वावरची आहे. सुट्टीच्या महिन्यांत पगार नसतो. हे तिला ठाऊक आहे. तेव्हा तिच्या त्या वाक्यात हातापायांची काळजी किती आणि माझी किती, हे मला सांगता येत नाही.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम मागण्याचा हक्क दिला. ही मोठी गोष्ट होती. पण काम थांबवण्याचा हक्क कोणत्या कायद्याने दिला? ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ हे नाव नीट वाचा. पासष्ट वर्षांच्या निराधाराला दरमहा १५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. नावात निवृत्तिवेतन आहे. पण ज्या वेतनातून निवृत्त व्हायचे ते वेतन कधी कामगार म्हणून नोंदलेच गेले नाही. शिवाय श्रावणबाळ हे नाव म्हाताऱ्याला हक्कदार ठरवीत नाही; कोणा आज्ञाधारक मुलाच्या कावडीत बसवते. पन्नास वर्षे निंदण-वेचणी करून जिने या जिल्ह्याचा कापूस बाजारात आणला ती बाई कावडीत बसायला आलेली नाही. तिची देणी बाकी आहेत.

निवृत्तिवेतनाने काय होते, हे आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली पेन्शनीवर आले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या समर्थकांना प्रश्न विचारले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हेही पेन्शनर सुभेदार होते. गावकीवर न जगणारा, कोणाच्या दारी भाकरी मागायला न जाणारा माणूस प्रथम लष्करी पेन्शनीतून उभा राहिला. म्हणूनच महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करायला वलंगकर पुढे आले. एका नोकरीबरोबर एका समाजाची स्वतंत्र म्हातारपणाची वाट बंद होत होती.

साहित्यातही हेच दिसते. शांताबाई कांबळे १९४२ मध्ये शिक्षिका झाल्या, शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून १९८१ मध्ये निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८३ पासून ‘पूर्वा’ मासिकात येऊ लागली. १९८६ मध्ये तिचे पुस्तक झाले. नरेंद्र जाधवांचे वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाले, रिकामे बसणे त्यांना जमेना, तेव्हा मुलाने त्यांना आपली जीवनकथा लिहायला बसवले. त्यातून १९९३ चे ‘आमचा बाप आन् आम्ही’ उभे राहिले. याउलट फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांच्यामागे पेन्शन नव्हती, किराणा दुकान होते. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि कागद घरच्यांच्या नजरेआड दडवून ठेवले. कित्येक वर्षे ते तसेच राहिले. प्रतिभेत कोणी कमी नव्हते. फरक होता तो स्वतःच्या वेळेवरील मालकीचा. दलित आत्मकथनाची चर्चा करताना आपण अनुभव, भाषा, विद्रोह यांचा विचार करतो. लेखकाला वेळ कोठून मिळाला, हे मात्र विचारीत नाही. हा प्रश्न साहित्यबाह्य नाही.

यावर एक आक्षेप येईल. चळवळीत निवृत्ती नसते, असे आपले कार्यकर्ते सांगतात. जोतीराव फुल्यांचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. बाबासाहेब अखेरच्या दिवसांपर्यंत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’वर काम करीत होते. हे खरे आहे आणि आपल्याला ते प्रेरणा देत राहील. पण ते काम त्यांनी स्वतः पत्करले होते. त्याचा दाखला देऊन पोटासाठी राबणाऱ्या म्हाताऱ्याला ‘शेवटपर्यंत राबणे हीच थोरवी’ असे सांगणे हा त्यांचा विपर्यास आहे. पत्करलेले काम आणि लादलेले काम यांना एकच शब्द वापरायचा नाही, एवढे भान समीक्षकाला हवेच.

ज्यांना पेन्शन मिळाली त्या आपल्या माणसांपुढेही प्रश्न आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर, सत्तरीपर्यंत, तात्पुरते नेमण्याचा निर्णय घेतला. तेव्हा डी. एड., बी. एड. झालेली पोरे भरतीची वाट पाहत होती. अशा वेळी पुन्हा वर्गात जायचे की नाही, हे ठरवताना निवृत्त शिक्षकाने शासनाची गरज तेवढी पाहू नये. रिकाम्या जागेसमोर उभ्या असलेल्या पोराकडेही पाहावे. ज्याच्या घरी औषधाला पैसे नाहीत, ज्याची पेन्शन अडकली आहे, त्याला मी दोष देणार नाही. पण पूर्ण पेन्शन घेणाऱ्याने स्वस्त मनुष्यबळ म्हणून उभे राहणे म्हणजे कायम भरती टाळण्याला हातभार लावणे होय. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, माझ्यासारख्या तासिकावाल्याला तर कोणतीच नाही. मार्च २०२३ च्या संपात पेन्शनचा प्रश्न रस्त्यावर आला. त्या मागणीत कापूस वेचणारी बाई मात्र नव्हती. ती केव्हा येणार?

सफाई कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार निवृत्त सफाई कामगाराची नोकरी वारसाला मिळते. हा हक्क लढून टिकवलेला आहे. तो सोडा, असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. पण यात बाप निवृत्त होतो आणि झाडू निवृत्त होत नाही, हेही दिसले पाहिजे. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे दुसरे काम मिळाले, तरच वतनाची सावली पुसली जाईल.

म्हणून दलित साहित्याच्या अभ्यासकांनी म्हातारी पात्रे नव्याने वाचावीत. ती का राबतात, कोणासाठी राबतात, थांबायचे म्हटले तर काय होईल, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. आणि एक काम आपल्या हातातले आहे. गावोगावी निवृत्त झालेले पहिल्या पिढीचे शिक्षक, पोस्टमन, एस. टी. कंडक्टर, नगरपालिकेचे कामगार आहेत. त्यांच्यापाशी आता वेळ आहे. तो वेळ त्यांच्या आईबापांना मिळाला नव्हता. विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांना लिहिते करावे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे. वेचणीला गेलेल्या बायांचेही घ्यावे. मात्र त्यासाठी संध्याकाळी वजनकाट्यापाशी थांबावे लागेल, कारण दिवसा त्या सापडणार नाहीत.