सामुदायिक रेडिओचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि विद्यार्थीविषयक धोरण : नाशिकच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये केंद्र शासनाने शिक्षणसंस्थांना स्वतःचे रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले असे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ साली ऐकू येऊ लागली. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे दार स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांच्यासाठीही उघडले. या क्रमाकडे पाहता, आपल्या देशात सामुदायिक रेडिओचा जन्म महाविद्यालयीन आवारात झाला आणि गावापर्यंत तो नंतर पोहोचला, असे म्हणावे लागते. या जन्मखुणेचा परिणाम प्रशिक्षणावर कसा झाला आणि त्यात विद्यार्थ्याचे नेमके स्थान कोणते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परवान्याची अपेक्षा आणि प्रशिक्षणाची दिशा

२००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या ठरतात. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, ही पहिली; आणि कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, ही दुसरी. केंद्राची प्रक्षेपणशक्ती १०० वॉट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटर एवढी मर्यादित ठेवण्यामागेही हाच विचार दिसतो. साधारणतः दहा ते पंधरा किलोमीटरच्या परिघातील माणसांनी परस्परांशी बोलावे, एवढाच या माध्यमाचा आवाका आहे.

आपल्या अभ्यासक्रमांची मांडणी मात्र बहुधा दुसऱ्याच नमुन्यावर बेतलेली असते. आवाज चाचणी, उच्चारशुद्धी, निवेदनाची शैली, संहितालेखन, ध्वनिमुद्रण व संपादन हा क्रम आकाशवाणीच्या परंपरेतून आला आहे. त्यावर अलीकडे खाजगी एफएम वाहिन्यांच्या रेडिओ जॉकीची लकब चढली आहे. या दोन्ही नमुन्यांत केंद्रस्थानी असतो तो बोलणारा निवेदक. सामुदायिक रेडिओत मात्र निवेदकाचे मुख्य काम दुसऱ्याला बोलते करणे हे आहे. माइक आपल्या तोंडासमोरून काढून समोरच्याच्या हाती कसा द्यावा, हे कौशल्य ज्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही, त्याला रेडिओचा अभ्यासक्रम म्हणता येईल, सामुदायिक रेडिओचा म्हणता येणार नाही.

बोलीचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यात हा विरोध अधिक ठळकपणे जाणवतो. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी आणि सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात कोकणा बोली बोलल्या जातात. तेथील विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी नाशिक शहरात येतात. अहिराणी बोलणारा विद्यार्थी 'आहे' ऐवजी 'शे' म्हणतो, 'डोळा' ऐवजी 'डोया' म्हणतो. आवाज चाचणीत हे दोष म्हणून नोंदविले जातात. काही आठवड्यांच्या सरावाने ते दूर होतात आणि आपण प्रशिक्षण यशस्वी झाल्याचे मानतो. वस्तुतः ज्या बोलीला परवान्याने प्राधान्य दिले, तीच बोली आपण प्रशिक्षणातून पुसून टाकलेली असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. विद्यार्थ्याला नोकरी हवी असते आणि ती देणाऱ्या बहुतेक संस्था प्रमाण मराठीच मागतात. देशातील सामुदायिक केंद्रांची संख्या सुमारे पाचशे आहे आणि त्यांतील वेतनावरील पदे थोडी आहेत, हे नाकारता येत नाही. तेव्हा प्रमाण भाषा शिकवू नये, असे येथे सुचवायचे नाही. ती दुसरी भाषा म्हणून शिकवावी आणि पहिलीचे मूल्यमापन तिच्याच निकषांवर व्हावे, एवढेच म्हणणे आहे. जो विद्यार्थी दोन्हींत सहज वावरतो त्याची रोजगारक्षमता वाढते. एकीच्या बदल्यात दुसरी गमावणाऱ्याचे मात्र नुकसानच होते.

परिघाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. नाशिक शहरातील केंद्राचा आवाज सुरगाण्यापर्यंत पोहोचत नाही. मग कोकणा बोलीतील कार्यक्रम ऐकणार कोण, असे विचारता येईल. परंतु वसतिगृहांतील मुले-मुली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार आणि हंगामात द्राक्षबागांच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे उतरणारी कुटुंबे यांतील काही जण तरी या परिघात असतात. हा श्रोता शोधून काढणे हाच प्रशिक्षणाचा पहिला पाठ व्हायला हवा.

नाशिकचा एक अनुभव

नाशिक येथील 'रेडिओ विश्वास' (९०.८ एफएम) या सामुदायिक केंद्राने करोनाकाळात 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम राबविला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे १५० शिक्षकांच्या साहाय्याने पाठ ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि राज्यातील अन्य सहा सामुदायिक केंद्रांनाही ते देण्यात आले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तेथे रेडिओ उपयोगी पडला. या उपक्रमाला २०२२ मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत विषयाधारित गटाचा द्वितीय आणि केंद्राला शाश्वतता प्रारूपाचा प्रथम पुरस्कार मिळाला. संकटकाळात स्थानिक केंद्र काय करू शकते याचा हा वस्तुपाठ होय.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यातून पुढचा प्रश्न निर्माण होतो. पाठाच्या प्रसारणात स्वाभाविकच शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी ऐकतो. ती त्या काळाची गरज होती. शाळा सुरू झाल्यानंतर हेच कौशल्य उलट्या दिशेने वापरता येईल काय, म्हणजे शिक्षकाने ऐकावे आणि विद्यार्थ्याने आपल्या वस्तीचा, आपल्या बोलीचा कार्यक्रम करावा, असे प्रशिक्षण उभे करता येईल काय, हा विचार महाविद्यालयांनी करावयाचा आहे.

तो अशक्य नाही, हे अन्यत्र सिद्ध झाले आहे. तेलंगणातील पस्तापूर परिसरात २००८ साली सुरू झालेले 'संघम रेडिओ' अल्पशिक्षित दलित स्त्रियांनी चालविले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. समुदायाला आधी 'शुद्ध' करून मग माइकसमोर आणण्याची गरज नसते, हा या केंद्रांचा धडा आहे.

विद्यार्थी : शिकाऊ, स्वयंसेवक की समुदाय?

मार्गदर्शक तत्त्वांत शिक्षणसंस्था परवानाधारक म्हणून येते. विद्यार्थ्याचे स्थान मात्र स्पष्ट होत नाही. परिणामी तो सोयीनुसार तिन्ही भूमिकांत वावरतो. सहभागाची टक्केवारी दाखविताना तो समुदाय असतो, प्रसारणाचे तास भरताना स्वयंसेवक असतो आणि मानधनाचा विषय निघाला की शिकाऊ ठरतो. ही संदिग्धता संस्थेला सोयीची असली तरी विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी आराखड्यात व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले. त्यामुळे महाविद्यालयीन केंद्रात काम करणे हा आता अभ्यासाचा भाग होऊ शकतो. ही संधी जशी मोठी आहे तसाच तीत धोकाही आहे, कारण श्रेयांकाच्या नावाखाली विनामोबदला श्रम घेणे आता अधिक सोपे झाले आहे. २०२४ च्या सुधारित तत्त्वांनी जाहिरातींची मर्यादा ताशी सात मिनिटांवरून बारा मिनिटांपर्यंत वाढविली आणि शासकीय जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. केंद्राचे उत्पन्न वाढण्याची शक्यता निर्माण झाली असताना, ज्यांच्या श्रमावर ते चालते त्यांच्या वाट्याचा विचार टाळता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर प्रत्येक महाविद्यालयीन केंद्राने लेखी विद्यार्थीधोरण स्वीकारावे, असे सुचवावेसे वाटते. त्यात किमान पुढील बाबी असाव्यात. शिकण्याचे तास आणि प्रसारण भरण्याचे तास वेगळे नोंदवावेत. पहिल्यांना श्रेयांक, दुसऱ्यांना मानधन द्यावे. २०२४ च्या तत्त्वांनुसार सल्लागार व आशय समितीत किमान निम्म्या महिला असाव्या लागतात. त्याच समितीत विद्यार्थ्यांनाही मताधिकारासह स्थान द्यावे. प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जतन करण्याचे बंधन आहे. त्यापुढे विद्यार्थ्याचा किंवा त्याने मुलाखत घेतलेल्या व्यक्तीचा आवाज संमतीविना वापरू नये. केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. ही सीमा प्रशिक्षणाच्या आरंभीच समजावून द्यावी आणि ती अनवधानाने ओलांडली गेल्यास जबाबदारी परवानाधारक संस्थेने घ्यावी, तिचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये. मूल्यमापनात निवेदनाइतकेच गुण ऐकण्याला, म्हणजे विद्यार्थ्याने किती नव्या माणसांना बोलते केले याला, असावेत.

समारोप

सामुदायिक रेडिओतील पदे मोजकी असल्याने या प्रशिक्षणाला 'व्यावसायिक' म्हणावे काय, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर कौशल्याच्या स्वरूपात आहे. मुलाखत घेणे, ध्वनिसंपादन करणे, प्रक्षेपक सांभाळणे, स्थानिक जाहिरात मिळविणे आणि अनोळखी वस्तीत जाऊन विश्वास संपादन करणे ही कौशल्ये शिक्षण, आरोग्य, कृषिविस्तार अशा अनेक क्षेत्रांत उपयोगी पडतात. परंतु त्यासाठी विद्यार्थ्याने आपली बोली गमावण्याची अट असता कामा नये. सुरगाण्याची मुलगी नाशिकच्या केंद्रात माइकसमोर बसते तेव्हा ती प्रशिक्षणार्थी असते, तशीच समुदायाची प्रतिनिधीही असते. आपल्या अभ्यासक्रमाने तिला निवेदिका तर अवश्य बनवावे. मात्र तिच्या गावाहून आलेला मजूर तिचा कार्यक्रम ऐकून ही आपलीच लेक बोलते आहे असे म्हणू शकेल, एवढी काळजी घ्यावी. परवान्यातील स्थानिक बोलीच्या तरतुदीला त्याशिवाय अर्थ उरत नाही.